डोंगराळ प्रदेशाची अर्थव्यवस्था आणि पर्यटन : महाबळेश्वर-कास परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

पर्यटन हा 'धूरविरहित उद्योग' आहे, हे विधान पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा आले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार अशी उद्दिष्टे आहेत. मात्र पर्यटकाने खर्च केलेल्या रुपयापैकी किती पैसे त्याच डोंगरात राहतात, हे अशा आकड्यांवरून कळत नाही. अर्थशास्त्रात यास 'गळती' म्हणतात. भांडवल बाहेरचे, किराणा बाहेरचा व व्यवस्थापकही बाहेरचा असेल, तर स्थानिकांच्या वाट्यास वाढप्याची व पहारेकऱ्याची नोकरी येते, तीही हंगामी. पावसाळ्यात हा भाग महिनोन्‌महिने धुक्यात असतो, ही बाब वार्षिक सरासरीत दिसत नाही.

उलट उदाहरणे याच परिसरात आहेत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. परंतु तिचे खरे आर्थिक बळ वेगळ्या ठिकाणी आहे. येथे ग्राहक स्वतः बांधापर्यंत येतो, त्यामुळे थेट विकलेल्या मालापुरती अडत, हमाली व वाहतूक वाचते. शेतीस पूरक असे पर्यटन यालाच म्हणता येईल. पाचगणीजवळील भिलार हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' झाले. तेथे पुस्तके गावकऱ्यांच्या घरांतून मांडली गेली, म्हणून वाचकांच्या चहा-जेवणाचे पैसे त्याच घरांत जाऊ शकतात. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. तेथे प्रवेशशुल्काच्या व्यवस्थेत परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांचा सहभाग आहे. नेपाळमधील अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात १९८६ पासून हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर राबविले गेले. कासचा फुलोरा मात्र काही आठवड्यांचा असतो. त्यावर गावाचे वर्ष निघत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

या तिन्ही उदाहरणांत जमीन स्थानिकांच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे. नेमका हाच मुद्दा धोरणकर्त्यांच्या नजरेतून निसटतो. महाबळेश्वर-पाचगणी प्रदेश १७ जानेवारी २००१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला व तेथील बांधकामावर बंधने आली. त्यानंतर दृष्टी कोयनेच्या खोऱ्याकडे वळली. 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळास विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. २०२४ च्या प्रारूप आराखड्यात २३५ गावांचा समावेश होता. ज्या खोऱ्यातील कुटुंबांनी कोयना धरणासाठी एकदा जमिनी दिल्या, त्याच खोऱ्यात आता जमिनीस पर्यटनाचा भाव येत आहे. शेतजमीन एकदाच विकता येते. मिळालेली रक्कम त्या वर्षी उत्पन्नासारखी भासते. वस्तुतः ते भांडवलाचे विसर्जन असते. पुढील पिढी त्याच जमिनीवरील रिसॉर्टमध्ये रोजंदारीने लागली, तर शासकीय नोंदीत तो 'निर्माण झालेला रोजगार' ठरतो!

महाबळेश्वरास उगम पावणाऱ्या कृष्णेस कराडला कोयना मिळते व तेच पाणी सांगली-मिरजेस येते. त्यामुळे या प्रश्नाची व्याप्ती केवळ घाटमाथ्यापुरती राहत नाही. आराखड्यातील प्रत्येक गावासाठी पर्यटकसंख्येच्या अंदाजाशेजारी दोन रकाने असावयास हवेत : बाहेरच्या खरेदीदारांकडे गेलेले क्षेत्र, आणि स्थानिकांच्या मालकीची निवासव्यवस्था.