आंतरजालीय पाठमाला आणि संशोधनकौशल्य : एक चिकित्सा

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाने १९९८ मध्ये ‘टिल्ट’ ही आंतरजालीय पाठमाला विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. साधनांची निवड, शोध आणि मूल्यमापन हे तिचे तीन विभाग होते. विद्यार्थी आपल्या सोयीने व गतीने शिकू शकतो, हे अशा पाठमालांचे योगदान निर्विवाद आहे. त्यांतील मूल्यमापनाची पद्धत मात्र पुनर्विचार करण्याजोगी आहे.

कॅलिफोर्नियातील चिको येथे २००४ मध्ये तयार झालेली कसोटी अद्ययावतता, प्रस्तुतता, अधिकार, अचूकता व हेतू हे पाच निकष सांगते. निकष योग्यच आहेत. परंतु विद्यार्थी त्यांची उत्तरे बहुधा त्याच पानावर शोधतो. म्हणजे संकेतस्थळाची साक्ष संकेतस्थळच देते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये १० इतिहासतज्ज्ञ, १० तथ्यतपासनीस व २५ पदवी विद्यार्थी यांच्या वाचनपद्धतींची तुलना मांडली. विद्यार्थीच नव्हे, इतिहासतज्ज्ञही बोधचिन्ह व संकेतनाम यांसारख्या सहज निर्माण करता येणाऱ्या खुणांना अनेकदा भुलले. तथ्यतपासनीस मात्र पान लवकर सोडून, इतर स्रोत त्या संस्थेविषयी काय सांगतात ते पाहत. त्यामुळे कमी वेळात त्यांचे निष्कर्ष अधिक विश्वसनीय ठरले.

बहुपर्यायी प्रश्नांतून निकषांचे स्मरण तपासले जाते, ही कृती नव्हे. म्हणून पाठमालेतील स्वाध्यायात अपरिचित संकेतस्थळ द्यावे; विद्यार्थ्याने ते सोडून कोठे काय पडताळले, याची नोंद मागावी. ती नोंद अध्यापकानेच वाचावी लागेल. पाठमालेमुळे अध्यापनाचा भार कमी होतो, हा समज येथे टिकत नाही.