‘विघटन’ या शब्दाची व्याप्ती

मुळशी तालुक्यात पौडकडे जाताना पिरंगुट-उरवडे परिसरातील कारखाने डोंगरांच्या कुशीत वसलेले दिसतात. थंडीच्या पहाटे अशा खोऱ्यात गार, जड हवा तळाशी साचते आणि धूर वर न चढता घरांच्या उंचीवरच पसरतो. तेथे कोणी जुना टायर पेटविला तर गावकरी ‘टायर जाळला’ असेच म्हणेल. तोच टायर बंद पात्रात तापविला की मात्र कागदोपत्री त्याचे ‘विघटन’ होते. या दोन क्रियांतील भेद रासायनिक आहे तसाच भाषिकही आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय मुख्यतः दुसरा होय.

रासायनिक भेद खोटा नव्हे. ‘पायरोलिसिस’ या संज्ञेत अग्नी आणि सुटणे या अर्थांचे दोन ग्रीक शब्द आहेत. प्राणवायू वगळून सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला रबराच्या दीर्घ साखळ्या तुटतात आणि तेल, काळी कर्बभुकटी, वायू व पोलादी तार हाती येते. ‘विघटन’ हा प्रतिशब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोषच म्हणावा लागेल. दोष आहे तो त्याच्या सहवासाचा. मराठी वाचकाच्या मनात विघटन होते ते पालापाचोळ्याचे. त्या शब्दामागे निसर्गक्रमाची एक सौम्य छाया उभी असते. टायर तर कुजत नाही, आणि त्याचे एक कारण गंधक होय. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेल्या प्रक्रियेने गंधक रबराच्या साखळ्यांना एकमेकींशी जखडून टाकतो. तापविल्यावर हाच गंधक अंशतः हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने सुटतो, आणि तो वायू भट्टीत जाळला की सल्फर डायॉक्साइड होतो. सोबत बेंझिन, टोल्युइन, स्टायरिन आणि बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने असतात. (ॲरोमॅटिक म्हणजे शब्दशः सुगंधी! परिभाषेचा विनोद कधी कधी असा क्रूर असतो.)

‘विघटन’ पात्राच्या आतच थांबते. प्रदूषण मात्र बहुधा पात्राच्या तोंडाशी घडते. पुरते निवण्यापूर्वी झाकण उघडणे, भुकटी उपसणे, सांध्यांतून गळती, द्रवरूप न होणारा वायू जाळणे, यांपैकी एकही क्रिया त्या संज्ञेत बसत नाही. रोज भरून रोज उघडावयाच्या पात्रात तर हे नित्याचेच असते.

कायद्यातही हेच द्वैत दिसते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने २०१४ मध्ये, नांदेडच्या आंदोलनांतून उद्भवलेल्या प्रकरणात, सार्वजनिक जागी टायर ‘जाळण्यास’ मनाई केली. तापवून तेल काढण्याचा उद्योग परवान्यावर चालू राहिला. त्यासाठी जुने टायर आयात करण्यास जुलै २०२२ च्या नियमांनी बंदी घातली. तरीही जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील वाडा येथे अशाच एका कारखान्यात युरोपातून आलेल्या टायरांवर प्रक्रिया चालू असता स्फोट झाला, आणि दोन स्त्रिया व दोन बालके मृत्युमुखी पडली.

संज्ञा टाकून द्यावी असे कोणी म्हणणार नाही. प्रयोगशाळेत ती युक्तच आहे. परंतु ग्रामसभेपुढे येणाऱ्या मराठी मसुद्यात ‘टायर तापवून तेल काढणे, उरलेला वायू जाळणे व भुकटी उपसणे’ असे लिहिण्यास भाषेची कोणतीच अडचण नाही.