पाटावरचा पाचवा

गाणे विकत घेतले की ते आपले झाले, अशी आमची बाळबोध समजूत. आमच्या रेकॉर्डी निम्म्या आळीत फिरून, ओरखडे घेऊन घरी परतत. पण "तुम्हाला परवानगी आहे का हो?" असे एकाही तबकडीने शेजारच्या काकांना विचारले नाही.

२००३ साली ॲपलने आयट्यून्सचे दुकान थाटले. गाणे ९९ सेंटला; वाजणार मात्र तीनच कॉम्प्युटरांवर. पुढच्या वर्षी उदार मनाने पाच केले. सहावा आला की पंगतीतला एक उठवायचा. कॉम्प्युटर विकताना त्याचा अधिकार काढायला विसरलात, तर तो भंगारात गेला तरी पाटावर बसलेलाच! सगळ्यांना एकदम उठवायची सोय आहे. पण वर्षातून एकदा, श्राद्धासारखी. २००९ च्या जानेवारीत गाण्यांची कुलपे काढायचे जाहीर झाले, तेव्हा आधी घेतलेल्या गाण्यांसाठी दर गाण्यामागे आणखी ३० सेंट! म्हणजे घर आपले, कुलूप त्यांचे आणि किल्लीचे पैसे पुन्हा आपलेच. चोराचे यात काहीच अडले नाही. त्याने दार कधी वापरलेच नव्हते.

आमचा दादा गेला. त्याच्या रेकॉर्डी माझ्याकडे आल्या, त्या अजून गातात. अशाच एका दुकानातून त्याने घेतलेली गाणी मात्र पासवर्ड मागत बसली आहेत. मी आईचे नाव घालून पाहिले, गावाचे घालून पाहिले.

शेवटी ही म्हणाली, "अहो, रेकॉर्डच लावा. तुम्ही कोण, हे विचारायची तिला सवय नाही."