पितळी अप्सरा आणि मराठवाड्याची सुरसुंदरी

दुकानात मांडलेल्या पितळी अप्सरांकडे थोडा वेळ पाहत उभे राहिले, की त्या काहीच करत नाहीत हे लक्षात येते. एक पाय वाकलेला, एक हात डोक्यावर, कमरेला बाक, माथ्यावर मुकुट, खाली कमळाची बैठक. हिला रंभा म्हणा, मेनका म्हणा नाहीतर उर्वशी. काही फरक पडत नाही. चेहरा एकच, हसू एकच. तुळजापूर-पंढरपूरच्या बाजारांपासून पुण्या-मुंबईच्या हस्तकलेच्या दुकानांपर्यंत हाच नमुना दिसतो. यातला बराचसा माल मुरादाबाद आणि अलीगढच्या कारखान्यांतला असतो. मराठी घरात तो ‘शोपीस’ म्हणून येतो आणि टीव्हीशेजारी उभा राहतो.

मराठवाड्यातल्या चौसाळ्यासारख्या गावात हे अधिक टोचते. हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावरचे. खाली येरमाळा, तुळजापूर. वर मांजरसुंबा आणि बीड. मांजरसुंब्याहून केजचा रस्ता धरला तर अंबाजोगाई आणि तिच्याही पुढे धर्मापुरी. तिथल्या केदारेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतीवर चालुक्यांच्या काळातल्या सुरसुंदरी आजही उभ्या आहेत. निलंग्याचे नीलकंठेश्वर, नांदेड जिल्ह्यातले होट्टल, हिंगोलीचे औंढा नागनाथ, जालना जिल्ह्यातले अन्वा अशी ही मंदिरांची ओळ मराठवाडाभर पसरली आहे. भारतातल्या उत्तम दैवी स्त्रीप्रतिमांपैकी कितीतरी ज्या प्रदेशात आहेत, त्याच प्रदेशात विकली जाणारी पितळी अप्सरा मात्र कुठूनतरी आलेली आणि कुणाचीच नसलेली आहे.

सुरसुंदरी ही नेहमी कामात असते. कोणी आरशात पाहून भांग नीट करते, कोणी पायातला काटा काढते, कोणी ओल्या केसांतले पाणी पिळते. एकीच्या कडेवर मूल असते, ती पुत्रवल्लभा. एकीच्या हातात शस्त्र असते, ती शत्रुमर्दिनी. एकीच्या वस्त्राशी माकड झोंबत असते आणि ती त्याला हाकलते. ‘क्षीरार्णव’ या शिल्पग्रंथात अशा 32 देवांगनांची नावे आणि लक्षणे दिली आहेत. तो ग्रंथ पश्चिम भारतातला, पण त्याच्या मदतीने आपल्याकडच्याही बऱ्याच मूर्ती ओळखता येतात. डॉ. गो. बं. देगलूरकर आणि डॉ. माया पाटील (शहापूरकर) यांनी या मूर्तींवर आयुष्याचा मोठा काळ खर्च केला. त्यांचे लेखन वाचून मंदिराकडे गेले की भिंत बोलू लागते. सौंदर्य शरीरात आहेच, पण शरीर ज्या कामात गुंतले आहे त्या कामामुळे ते जिवंत होते. काटा काढणारीचा तोल बघा: एका पायावर सगळा भार, दुसरा पाय गुडघ्याशी दुमडलेला, मान खाली, पाठीला हलके वळण. हा बाक शिल्पकाराने शोभेसाठी घातलेला नाही. काट्यासाठी वाकावे लागले म्हणून तो आला आहे. पितळी अप्सरेने बाक घेतला आणि काटा सोडून दिला.

नर्तकीचेही तसेच. औरंगाबाद लेण्यांपैकी क्रमांक 7 च्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर नृत्याचा एक पट कोरला आहे. मध्ये नर्तकी आणि भोवती सहा वादक स्त्रिया. कोणी बासरी धरली आहे, कोणी टाळ, कोणी तालवाद्य. नर्तकीच्या पायातला ठेका त्या सहा जणींच्या हातांतून आपल्यापर्यंत पोचतो. दुकानातली अप्सरा एकटीच नाचते, तिच्याभोवती कोणी वाजवत नाही. तिच्या नाचाला लय कुठून येणार?

हे धातूचे अंगभूत वैगुण्य आहे, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. ज्या राजवटीत ही मंदिरे उभी राहिली, त्याच राजवटीने धातू ओतण्याची रीतही लिहून ठेवली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळे सांगणाऱ्या त्या ग्रंथात मेण गाळून मूर्ती ओतण्याची कृतीही आहे. आधी मेणाची मूर्ती घडवायची. तिच्यावर मातीचे तीन लेप द्यायचे. त्या मातीत जळक्या कोंड्याची राख, कापसाचे बारीक तुकडे आणि मीठ. लेप सावलीत वाळवायचे. मेण आधीच तोलून ठेवायचे आणि त्या वजनावरून पितळ, तांबे, चांदी किंवा सोने किती लागेल ते ठरवायचे. मग साचा तापवून मेण बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. हे कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण. मराठवाड्याच्या अगदी सीमेवर.

सोमेश्वराचा बाप विक्रमादित्य सहावा. हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगी गावच्या मंदिरावर एक सुरसुंदरी उभी राहून फलकावर लिहिते आहे. तिने लिहिलेली अक्षरे खरी आहेत, वाचता येतात, आणि त्यांत याच विक्रमादित्याची स्तुती आहे. बापाची कीर्ती दगडातली बाई लिहिते आणि मुलगा धातू ओतण्याचे शास्त्र लिहितो. एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांत दोन्ही गोष्टी हाताशी होत्या. तरीही दगडातली सुरसुंदरी पितळेत उतरली नाही.

याचे कारण साधे आहे. धातूची मूर्ती होई ती पूजेसाठी आणि उत्सवात मिरवण्यासाठी. सुरसुंदरीची पूजा होत नसे. तिची जागा मंदिराच्या जंघेवर, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या मधल्या थरावर. पूजेतल्या देवी सोडल्या तर धातूत स्त्रीरूप आले ते दिव्याच्या, चवरीच्या निमित्ताने. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात हे उत्तम पाहता येते. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवायला घेतलेला हा संग्रह 1975 मध्ये राज्य शासनाच्या हाती सोपवला. त्यातले दिवे, अडकित्ते, वज्री पाहताना ओताऱ्याचा हात किती मोकळा होता ते कळते. अडकित्त्याच्या दोन पात्यांतून माणसे घडतात, पाय घासायच्या वज्रीवर मोर बसतो. वस्तू वापराची आणि हाताच्या पंज्याएवढी, पण तिच्यात कल्पना आहे. म्हणून एकटी उभी असलेली, कुठल्याही वापराची नसलेली पितळी अप्सरा ही अलीकडची वस्तू आहे. अलीकडची असणे हा काही तिचा दोष नव्हे. पण नव्या वस्तूसाठी नवा विचार करावा लागतो, तो कोणी केला नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्याच्या तसबिरींनी मेनका, उर्वशी, तिलोत्तमा घराघरांत नेल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या त्या चेहऱ्याला दक्षिणेकडच्या मूर्तींचा मुकुट चढवला, की दुकानातली अप्सरा तयार.

बाकीचे नुकसान कारखान्यात होते, आणि ते समजून घेतल्याशिवाय कारागिरावर टीका करणे अन्याय ठरेल. यातल्या बहुतेक मूर्ती वाळूच्या साच्यात ओतल्या जातात. साचा दोन भागांचा. नमुना त्यातून अलगद निघायला हवा, म्हणून अंगाबाहेर गेलेले हात, दुमडलेली बोटे, मोकळी बट हे सगळे टाळावे लागते किंवा वेगळे ओतून मागाहून जोडावे लागते. नमुना म्हणून पुष्कळदा जुनी विकाऊ मूर्तीच वापरतात. पितळ थंड होताना दीड-दोन टक्के आकसते. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत असे होत गेले की मूर्ती लहान होते आणि नाक-डोळे बोथट होतात. पुढे जिलईच्या चाकावर उरलेसुरले कोरीवपणही घासले जाते. शेवटी घाऊक बाजारात भाव होतो तो किलोवर. चार दिवस कानस आणि छिन्नी चालवून डोळा जिवंत करणाऱ्याला त्या चार दिवसांचे काहीच मिळत नाही; उलट घासून गेलेल्या धातूचे वजन तेवढे कमी होते. अशा हिशेबात चांगली मूर्ती घडणे कठीणच.

महाराष्ट्राला धातू वश नाही असे नाही. दायमाबादला 1974 मध्ये सापडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे ओतकाम आहे. चारही मिळून वजन साठ किलोच्या घरात. शिल्पकार करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी 1928 चा. त्यानंतर मराठी शिल्पकारांची आणि ओतशाळांची बहुतेक ताकद पुतळ्यांकडेच गेली. ते स्वाभाविक होते, पण लहान आकाराच्या, घरात ठेवायच्या धातुशिल्पाकडे त्या तोलाचे लक्ष गेले नाही. स्वामीमलैच्या स्थपतींनी आणि बस्तरच्या घडव्यांनी मेणाची रीत आजवर चालू ठेवली आहे. आपल्याकडचे ओतारी घुंगरू, जोडवी, टाक यांवर राहिले, आणि तेही आता थोडेच.

तरी एक पितळी चेहरा मराठवाड्याने सोडलेला नाही. भाद्रपदात घरोघर महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पत्र्याच्या कोठ्यांवर पितळी मुखवटे, टपोरे डोळे, नाकात नथ. सासूकडून सुनेकडे आलेले हे मुखवटे घासूनपुसून वर्षानुवर्षे वापरात राहतात. त्यांतले जुने मुखवटे मी मुद्दाम पाहत असतो. त्यांची नजर समोरच्या माणसावर स्थिर असते, ओठ घट्ट मिटलेले, गाल भरीव. कोणत्याही दुकानी अप्सरेपेक्षा हे चेहरे सरस आहेत, कारण घडवणाऱ्याला ते कोणासमोर आणि कशासाठी मांडले जाणार हे नेमके ठाऊक होते. मराठवाड्याच्या पितळी अप्सरेला चेहरा हवा असेल तर तो इथून घ्यावा. कॅलेंडराकडे जायची गरज नाही.

अंगासाठी धर्मापुरी आणि निलंगा आहेतच. पण भिंतीवरची मूर्ती मोकळी उभी करताना एक खरी अडचण येते, आणि या विषयावर बोलणारे तिच्याविषयी फार कमी बोलतात. भिंतीतल्या मूर्तीला पाठ नसते. समोरून वेणी दिसत नाही, कंबरपट्ट्याची गाठ दिसत नाही, वस्त्राचा सोगा मागे कुठे खोचला आहे ते कळत नाही. आजची पितळी अप्सरा मागून पाहिली तर सपाट असते, जेमतेम दोन रेघा ओढलेली. इथे आधार शोधायचा तर मराठवाड्यातल्याच तेरला जावे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्री चारही बाजूंनी घडवलेली आहे. तिची जवळची बहीण 1938 मध्ये पोंपेईत सापडली, दुसरी आपल्या भोकरदनच्या उत्खननात. आरशाची मूठ किंवा लहान मेजाचा पाय असावा अशा या वस्तू, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. हाताच्या वितीएवढ्या आकारात पाठ कशी सोडवायची, वेणी कुठवर न्यायची, दागिना मागच्या बाजूला कसा वळवायचा, हे त्या घडवणाऱ्यांना पक्के माहीत होते. ही तेरची पाठ, धर्मापुरीच्या भिंतीवरचा तोल आणि महालक्ष्मीचा चेहरा एकत्र घेऊन कोणी मेणाची पहिली मूर्ती करायला बसला, तर त्याने काटा काढणारीपासून सुरुवात करावी. तिची पाठ वाकलेली असते, म्हणून ती घडवणे सर्वांत अवघड.