‘तारे जमीन पर’ : वर्गातून पाहताना

२००७ सालच्या या हिंदी चित्रपटाने ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घरोघरी पोचवला. मुलाला आळशी ठरवण्याआधी त्याच्या वह्या नीट पाहा, हा त्याचा धडा मोलाचाच.

तरी शिक्षकाला दोन गोष्टी खटकतात. ईशानच्या ठळकपणे दाखवलेल्या चुका रोमन लिपीतल्या, उलट्या अक्षरांच्या आहेत. उलटी अक्षरे सहा वर्षांची बरीच मुले काढतात आणि पुढे सुधारतात. आपल्याकडे घ-ध, भ-म यांचा घोटाळा होतो; ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. मूळ अडचण मात्र बहुधा डोळ्यांत नसते, शब्दातले आवाज सुटे करण्यात असते. दुसरे, वाळूतली अक्षरे आणि मातीकाम पडद्यावर काही मिनिटांत फळ देतात. वर्गात रोज थोडा सराव, तोही महिनोन्‌महिने, करावा लागतो.

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडे घरी कोकणा बोलणारे मूल वाचताना अडखळले, तर लगेच शिक्का मारू नका. त्याच्या बोलीतल्या शब्दाचा पहिला आवाज विचारा. तिथेही ते पुन्हापुन्हा अडले, तरच तज्ज्ञांकडून तपासणीचा विचार करा. चित्रपट जिथे संपतो, तिथून आपले काम सुरू होते.