सामंताची साक्ष

मनाच्या अंधारावरचा मराठी चित्रपट म्हटलं की बहुतेकांना ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) आठवतो. हृदयनाथ मंगेशकरांची गाणी आजही अंगावर काटा आणतात, पण चित्रपट अखेरीस भुताटकीचा उलगडा करून आपल्याला सुखरूप घरी पाठवतो. त्याच्या पाच वर्षं आधी सत्यदेव दुबे यांनी पडद्यावर आणलेला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ही सवलत देत नाही. तो आता फार थोड्यांनी पाहिलेला आहे. विजय तेंडुलकरांचं मूळ नाटक मात्र सगळ्यांना ठाऊक असतं, निदान नावाने.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया भरल्या की रात्रभर नाटकं चालतात. त्यामुळे बाहेरची नाटकमंडळी गावात उतरली की काय होतं, हे आमच्या पवनीच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच असेल, मी हा चित्रपट लीला बेणारेच्या बाजूने कमी आणि सामंताच्या बाजूने जास्त पाहतो. शहरातली हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला गावी येतात. एक नट येत नाही, म्हणून गावातल्या साध्या, भिडस्त सामंताला साक्षीदार म्हणून उभं करायचं ठरतं. त्याला कोर्ट कसं चालतं ते कळावं यासाठी लुटूपुटूचा खटला मांडतात आणि आरोपी करतात आपल्यातल्याच लीला बेणारेबाईंना. आरोप भ्रूणहत्येचा.

सामंत काय करतो? त्याला साक्ष सुचत नाही, तेव्हा हातातल्या सवंग कादंबरीतला मजकूर तो भाबडेपणाने सांगत जातो. त्याच्या मनात काडीचंही पाप नाही. पण तो मजकूर बेणारेच्या आयुष्यावर नेमका बसतो आणि खेळाला रक्ताची चव लागते. पुढचे सगळे साक्षीदार दुष्ट आहेत, ढोंगी आहेत. त्यांचा राग येतो आणि राग आला की आपण सुटतो. सामंताचा राग येत नाही. मला तरी सगळ्यात भयंकर तोच वाटतो, कारण तो आपल्यासारखा आहे.

तेंडुलकरांची खरी खोच निकालात आहे. भ्रूणहत्येच्या आरोपावरून सुरू झालेला खटला बेणारेच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याचं फर्मान काढून संपतो. म्हणजे ज्याला गुन्हा म्हटलं, तीच शिक्षा! न्यायाधीश झालेल्या काशीकरांना त्यात काही विसंगत वाटत नाही. प्रा. दामले, ज्यांच्यापासून बेणारेला दिवस गेले, ते हजरच नाहीत. त्यांच्या नावाचा नुसता पुकारा होतो. बेणारे झालेल्या सुलभा देशपांडे यांचं स्वगत या पार्श्वभूमीवर ऐकावं. त्या रडून दया मागत नाहीत, उलट जगण्याची चवच मोजून दाखवतात. गोविंद निहलानी यांनी स्वतंत्रपणे कॅमेरा सांभाळलेला हा पहिला चित्रपट, आणि चेहरा किती वेळ सोडायचा नाही याची त्यांची समज इथूनच दिसते.

अमोल पालेकरही या चित्रपटात होते. दहा वर्षांनी, 1981 मध्ये, त्यांनी दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट केला तो ‘आक्रीत’. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. आधार परभणी जिल्ह्यातल्या मानवत इथे 1972 ते 1974 दरम्यान झालेल्या मुली-स्त्रियांच्या खुनांचा. ‘गोलमाल’मधला पालेकरांचा तो गरीब चेहरा इथे नरबळीच्या वाटेवर जातो. चित्रा पालेकरांची रुही त्याच्या सोबत. याच खुनांवर 2024 मध्ये वेबमालिका आली, ती तपास अधिकाऱ्याच्या मागे चालते. ‘आक्रीत’ खुन्यांच्या घरात बसतो. गुप्तधनाच्या लोभाची गोष्ट आमच्याकडे परकी नाही. ज्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूप निघाला, तिथे जमिनीखालच्या हंड्यांच्या वार्ता कानावर येणारच. तरीही रसिक म्हणून मी ‘शांतता!’ला वरचं स्थान देईन. ‘आक्रीत’मधल्या क्रौर्यापासून प्रेक्षक स्वतःला वेगळा काढू शकतो, अंधश्रद्धा, अडाणी लोक, असं म्हणून हात झटकता येतात. ‘शांतता!’मध्ये सगळे शिकलेले, सभ्य आहेत आणि खटला संपल्यावर ते बाईंची मायेने विचारपूसही करतात.

पाहायचा झाला तर चार माणसांत बसून पाहा, आणि सामंताची साक्ष चालू असताना कोण कोण हसतंय याकडे लक्ष ठेवा.