मूळ यंत्र, नकली कॅसेट आणि पाठाचा प्रश्न : फ्लॅश कार्ट्रिजच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

घोडेगावहून भीमाशंकरच्या वाटेने जाताना शिनोली हे आंबेगाव तालुक्यातील गाव लागते. गेल्या शतकाच्या अखेरीस या गावातील एका घरी रंगीत दूरदर्शन संचाला जोडलेला ‘व्हिडिओ गेम’ होता. भारनियमनाच्या वेळा सांभाळून आळीतील मुले तेथे जमत. खेळाच्या त्या चपट्या प्लास्टिकच्या डबीला कोणी कार्ट्रिज म्हणत नसे. ती ‘कॅसेट’ होती. कॅसेट लागली नाही की ती काढावयाची, तिच्या तोंडात फुंकर मारावयाची आणि पुन्हा बसवावयाची, हा विधी सर्वांना पाठ होता. प्रस्तुत लेखक त्या मुलांपैकी एक. पुढे अध्यापनाच्या व्यवसायात आल्यानंतर, जुने खेळ जुन्याच यंत्रावर खेळण्यासाठी बनविलेल्या ‘फ्लॅश कार्ट्रिज’ या साधनाशी त्याचा परिचय झाला आणि त्यातून काही प्रश्न निर्माण झाले. ते प्रश्न तंत्रज्ञानाचे कमी आणि पाठचिकित्सेचे अधिक आहेत, अशी त्याची धारणा आहे. त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

या विषयावर जे बोलले जाते त्यात दोन भूमिका ठळकपणे दिसतात. पहिली भूमिका अशी, की संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली उपलब्ध असताना मूळ यंत्राचा हट्ट म्हणजे केवळ स्मरणरंजन होय. दुसरी भूमिका अशी, की मूळ यंत्र आणि मूळ खेळ यांचा संयोग घडवून आणणारे हे साधन म्हणजे जतनाचा आदर्श होय. या दोन्ही भूमिका ‘मूळ’ हा शब्द तपासून न घेता वापरतात आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागापुरते बोलावयाचे तर नेमका तोच शब्द अडचणीचा ठरतो.

कॅसेटचे अंतरंग

निन्टेंडो कंपनीचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’ १९८३ साली जपानमध्ये विक्रीस आला. या यंत्राची अंतर्गत स्मृती अवघी दोन किलोबाइट होती. खेळाचा कार्यक्रम यंत्रात नसून कॅसेटमधील चिपमध्ये कायमचा कोरलेला असे. एका चिपमध्ये आज्ञा असत, तर चित्रांचे तुकडे बहुधा दुसरीत असत आणि साठ टोकांच्या जोडणीतून यंत्र दोन्हींचे एकाच वेळी वाचन करी. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ आज्ञांचे बत्तीस आणि चित्रांचे आठ असा एकूण चाळीस किलोबाइटांत मावला. त्याहून मोठा खेळ यंत्राच्या दृष्टीच्या टप्प्यात एकदम मावत नसे. म्हणून कॅसेटमध्येच एक जादा मंडल बसवून गरजेप्रमाणे एकेक तुकडा यंत्रापुढे सरकविण्याची युक्ती योजली गेली. थोडक्यात, कॅसेट म्हणजे नुसते पुस्तक नव्हे; पुस्तक आणि पाने उलटणारा हात अशा दोन्ही गोष्टी तीत एकत्र असतात. फ्लॅश कार्ट्रिजची सारी अडचण या हातापाशी आहे.

फ्लॅश स्मृती ही तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांची देणगी. १९८४ मध्ये त्यांनी ती शास्त्रज्ञांपुढे मांडली. पुसून पुन्हा लिहिता येणारी ही स्मृती कॅसेटच्या कवचात बसविली, की एकाच कॅसेटमध्ये हवा तो खेळ भरता येतो. प्रारंभीच्या साधनांत खेळ खरोखरच फ्लॅश चिपवर लिहिला जाई. अलीकडच्या साधनांत तो मेमरी कार्डावरून वेगवान स्मृतीत उतरविला जातो आणि पाने उलटणाऱ्या हाताची भूमिका एक पुनर्रचनाक्षम चिप वठविते. युक्रेनमधील इगोर गोलुबोव्स्की यांची ‘एव्हरड्राइव्ह’ ही मालिका या प्रकारात सर्वाधिक परिचित आहे. यंत्राला आपल्यासमोर खरी कॅसेट आहे की तिचे सोंग, हे कळत नाही. संगणकावरील नकलेत यंत्राचेच सोंग असते, येथे केवळ कॅसेटचे असते. हा भेद महत्त्वाचा आहे. तमाशाचा वग छापील संहितेत वाचणे आणि तो बोर्डावर उभा राहिलेला पाहणे यांत जे अंतर आहे, ते शेजारच्या नारायणगावच्या वाचकास समजावून सांगण्याचे कारण नाही. खेळाचाही ‘प्रयोग’ असतो. तो विशिष्ट यंत्र, विशिष्ट पडदा आणि हातातील विशिष्ट कळफलक यांच्या संगतीने सिद्ध होतो. पहिल्या भूमिकेचा निकाल येथेच लागतो. बदकांवर बंदूक रोखण्याच्या खेळाचे उदाहरण पुरेसे आहे. त्या बंदुकीचा डोळा जुन्या काचेच्या पडद्यावरील प्रकाशाच्या क्षणांवर अवलंबून असल्यामुळे आजच्या सपाट पडद्यापुढे ती आंधळी होते.

‘मूळ’ कोणाचे?

दुसऱ्या भूमिकेचा विचार मात्र सावकाश करावा लागतो. भारतात निन्टेंडोचा संच ‘समुराई’ या नावाने विकला गेला खरा. परंतु निमशहरी आणि ग्रामीण घरांत जे पोहोचले ते ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांचे, जपानी यंत्राच्या चिपांची नक्कल करून तयार झालेले स्वस्त संच होते. शिनोलीतील संचही याच कुळातला. म्हणजे आमचे ‘मूळ यंत्र’ हीच मुळात प्रतिकृती होती.

ही प्रतिकृती निर्दोष नव्हती आणि तिचे दोष पाहण्याजोगे आहेत. जपानी व अमेरिकी दूरदर्शन पद्धतीत पडद्यावरील चित्र सेकंदाला सुमारे साठ वेळा रेखाटले जाते. आपल्याकडील पाल पद्धतीत पन्नास वेळा. खेळाची लय या रेखाटनाला बांधलेली असल्याने साठासाठी रचलेला खेळ पन्नासावर चालविला, की तो सुमारे एक षष्ठांशाने संथ होतो. नकली ध्वनिचिपांपैकी काहींत स्वरलहरींच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली होती. परिणामी त्याच चालीचा पोत निराळा ऐकू येई. आज कोणी जपानी यंत्र मागवून, त्यात फ्लॅश कार्ट्रिज बसवून, तेथील पद्धतीच्या पडद्यावर ‘मारिओ’ चालू करील तर त्याला अधिक वेगवान आणि वेगळ्या नादाचा खेळ मिळेल. तो खेळ प्रमाण असेल, शुद्धही असेल. पण आंबेगाव किंवा जुन्नर तालुक्यातील कोणाही मुलाने तो कधी खेळलेला नसेल. जतनाच्या नावाखाली येथे न घडलेला भूतकाळ उभा केला जातो, हा या साधनावरील पहिला आक्षेप. यावर, तीच फ्लॅश कार्ट्रिज नकली संचात बसवावी, असे कोणी सुचवील. ते काही संचांत साधते, तर काहींत साधत नाही. कारण या साधनाची कसोटी मूळ यंत्रावर घेतलेली असते आणि नकलेतील बारीकसारीक विचलने त्याच्या गणितात धरलेली नसतात.

प्रक्षेप आणि पाठभेद

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो खेळांच्या पाठाविषयी आहे. आमच्या कॅसेटवर एकच खेळ कधी नसे. ‘चौसष्टात एक’, ‘९९९९ इन १’ अशी छाती दडपून टाकणारी शीर्षके असत आणि आत मोजके खेळच वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या टप्प्यांपासून पुनःपुन्हा मांडलेले असत. (ही फसवणूक आहे हे कळावयास आम्हांला एक उन्हाळ्याची सुट्टी लागली, पण तक्रार कोणी केल्याचे आठवत नाही.) ‘कॉन्ट्रा’मध्ये तीस जीव आरंभीच देऊन टाकलेले असत. रणगाड्यांचा जो खेळ आम्ही ‘टँक’ म्हणून खेळलो तो नामकोच्या १९८५ च्या ‘बॅटल सिटी’चे अनधिकृत रूपांतर होते. ‘टँक १९९०’ या नावाने फिरणाऱ्या या रूपांतरात पाण्यावरून रणगाडा नेणारी नौका यांसारखी मूळ खेळात नसलेली बक्षिसे भरण्यात आली होती. हे कोणी केले, त्यांची नावे काय, याचा त्या कॅसेटवर कोठेही उल्लेख नसे.

पाठचिकित्सेच्या भाषेत हे प्रक्षेप होत. आणि प्रक्षेपांचे काय करावे, या प्रश्नाची मराठी परंपरेस जुनी ओळख आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी भर घालू नये असे बजावले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. सुखथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो हस्तलिखिते ताडून संहिता निश्चित केली. परंतु वगळलेला श्लोक त्यांनी टाकून दिला नाही. तो तळटीपांत व परिशिष्टांत, कोणत्या प्रतीत आढळतो या नोंदीसह राखला.

फ्लॅश कार्ट्रिजसाठी फिरणाऱ्या खेळसंग्रहांत पहिल्या प्रकारची वृत्ती आढळते, दुसऱ्या प्रकारची क्वचितच. अशा एका प्रसिद्ध सूचीत खात्रीच्या प्रतीपुढे उद्गारचिन्ह असे आणि चोरीची, फेरफार केलेली व सदोष प्रत यांना निरनिराळी अक्षरे जोडलेली असत. वर्गीकरण म्हणून हे उपयुक्तच होते. परंतु व्यवहारात त्याचा उपयोग गाळणीसारखा झाला. नीटनेटका संग्रह हवा असलेला मनुष्य उद्गारचिन्हे ठेवतो आणि बाकीचे पुसतो. जे पुसले जाते त्यात आमचे बालपण जवळजवळ सगळे येते.

येथे आपल्याच उपमेवर एक मर्यादा घालणे प्रामाणिकपणाचे होईल. महाभारताची आद्य प्रत हाती नाही; म्हणून तिच्या शोधार्थ पाठभेद लागतात. ‘बॅटल सिटी’ची आद्य प्रत उपलब्ध आहे, तिच्या निश्चितीसाठी ‘टँक १९९०’चा काडीचाही उपयोग नाही. तेव्हा या पाठभेदांचे मूल्य संहितानिश्चितीत नसून स्वीकाराच्या इतिहासात आहे : एखादी कृती कोणत्या रूपात, कोणत्या वाटेने, कोणापर्यंत पोहोचली याचे ते पुरावे आहेत. पुणे जिल्ह्यातील एक पिढी पडद्यावरील खेळ या प्रकाराला प्रथम सामोरी गेली ती याच पाठांतून. साहित्याच्या अभ्यासकांनी बाजारी चोपड्या आणि खिळाप्रेसवरील पोथ्या दुर्लक्षिल्या, त्याची किंमत आपण आजही मोजतो आहोत. तीच चूक या क्षेत्रात पुन्हा होते आहे, आणि तीही अधिक वेगाने. कारण पोथी माळ्यावर पडून राहते, कॅसेट भंगारात जाते.

कायद्याची बाजू

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ संगणक-आज्ञावलीस साहित्यकृती मानतो. कलम ५२ अन्वये प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास हानी व नाशापासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. मूळ कॅसेट विकत घेतलेल्यास हे कलम काही आधार देते. आमच्या कॅसेटधारकास देत नाही, कारण त्याच्याजवळची वस्तूच अनधिकृत आहे. १९९४ मध्ये समाविष्ट झालेले कलम ६३-ब तर आज्ञावलीची उल्लंघन करणारी प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा ठरविते. परदेशांतही या साधनांकडे संशयाने पाहिले गेले आहे. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २००९ साली निन्टेंडो डीएस या यंत्रासाठीच्या अशा साधनांच्या विक्रीस मनाई केली.

संस्थांचे काय? २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणुकीची मुभा दिली; मात्र त्या ग्रंथालयाकडे त्या कृतीची अ-अंकीय प्रत आधीपासून असली पाहिजे, अशी अट आहे. पुस्तकाला ही अट शोभते. खेळाची कॅसेट जन्मतःच अंकीय असल्यामुळे या तरतुदीच्या बाहेर पडते. ग्रंथ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला हा शब्द आहे आणि त्याचा फेरविचार व्हावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अधिकृत संहितेच्या हक्कदारास धक्का न लावता, केवळ अभ्यासासाठी, संस्थेच्या आवारात जतन, एवढी सोय झाली तरी पुष्कळ होईल. १९८५ चा खेळ निदान २०४५ पर्यंत प्रताधिकाराखाली राहील. तोवर या कॅसेट टिकतील, असे मानण्यास आधार नाही.

शिनोलीची कॅसेट

पुण्यातच १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी मिळेल तेथून, मिळेल त्या अवस्थेतील रिळे गोळा केली. चांगला चित्रपट आणि टाकाऊ चित्रपट हा भेद संग्राहकाने करू नये, अशी त्यांची वृत्ती होती. खेळांच्या बाबतीत असा संग्राहक अद्याप आपल्याकडे झाला नाही, हे नोंदवून एका कॅसेटची हकीगत सांगतो.

शिनोलीच्या त्या घरातील कॅसेट मालकांनी प्रस्तुत लेखकास दिली. वेष्टनावरील चित्र उडाले आहे. ‘इन १’ एवढेच वाचता येते. उघडून पाहता आत अक्षरांकित चिप नाही. हिरव्या पट्टीवर काळ्या राळेचा एक थेंब आहे आणि त्याखाली सर्व काही गाडलेले आहे. चिपवर नाव नाही, क्रमांक नाही. तेव्हा राळेला हात न लावता, जोडणीच्या साठ टोकांतूनच तिचे वाचन करणे भाग होते. संगणक विषय शिकविणाऱ्या एका सहकाऱ्याच्या साहाय्याने ते केले. यादीचा पडदा मिळाला, पहिले काही खेळ मिळाले. पुढचे मिळेनात, कारण पाने उलटणारा हात या कॅसेटमध्ये कोणाच्या इशाऱ्याने हलतो, हे ज्याने ती रचली त्यालाच ठाऊक आणि त्याने ते कोठे लिहून ठेवलेले नाही. मिळालेला मजकूर फ्लॅश कार्ट्रिजवर चढविला असता यादी दिसते, पहिले खेळ चालतात आणि त्यापुढचा कोणताही क्रमांक निवडला तर पडदा काळा होतो. तीच कॅसेट जुन्या संचात बसविली तर सारे खेळ चालू होतात. अर्थात, आधी फुंकर मारावी लागते.